पोरगी पहिलीत, मुकादम दारात – पैसा मुलांच्या पुढच्या आयुष्याचं नेमकं काय करतो?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, सध्या पुण्यात नोकरी. आमचं घर ऊसतोडीचं. दसरा झाला की टोळी निघायची ती थेट पाडव्याच्या आगेमागे परत. आईबाप मिळून एक कोयता (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा असेल तर अर्धा, माहीत नसलेल्यांसाठी सांगतो). मी थोरला. माझ्या वेळी आजी धडधाकट होती म्हणून मला तिच्यापाशी गावात ठेवलं. धाकटा चार वर्षांनी लहान, अंगावरचं लेकरू घरी कोण सांभाळणार म्हणून तो आईबरोबर फडात. तो शाळेच्या वयाचा झाला तोवर आजीची नजर गेली होती, मग तो जातच राहिला. जून ते दसरा गावच्या शाळेत, पुढे सहा महिने कोपीवर (फडाजवळची पाचटाची झोपडी), पाचटात खेळायचा नाहीतर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचा.

आता खरी गोष्ट सांगतो. डोकं त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मी मोठेपणाने म्हणत नाहीये, घरात सगळ्यांना माहितीय. मुकादमाच्या (टोळी नेणारा ठेकेदार) हिशोबात दीडशे रुपयांची चूक सातवीतल्या त्या पोराने तोंडी पकडली होती. पण त्याला भागाकार येत नाही. अजूनही. कारण आमच्या गुरुजींनी भागाकार घेतला दिवाळीनंतर आणि तो दिवाळीनंतर कधी वर्गात नव्हताच. परत आला की वरच्या वर्गात ढकललेला असायचा. आठवीला त्याने शाळा सोडली. मी इंजिनिअर झालो, तो कोयता झाला. घर तेच आणि आईबापही तेच.

आता मुद्दा. त्याची पोरगी यंदा पहिलीत गेलीय. जूनपासून रोज जाते, रेघोट्या मारलेली वही व्हिडिओ कॉलवर दाखवते. गणपती आलेत, दसऱ्याला टोळी निघणार. त्याने मुकादमाकडून जोडीची दीड लाख उचल (कामाआधीच घेतलेले पैसे, पुढे मजुरीतून फेडायचे) घेतलीय. टनाला साडेतीनशेच्या आसपास मिळतात, दोघं मिळून दिवसाला दोन टन, म्हणजे सातशे. हंगाम भरपूर चालला, एक खाडा नाही झाला तरी लाखाच्या थोडं वर जातं. म्हणजे उचल फिटणारच नाही, उरलेली पुढच्या हंगामाला चिकटणार. आमच्या बापाचंही असंच चाललं होतं.

तीन मतं आहेत. बायको म्हणते पोरीला पुण्याला आणू. भाऊ म्हणतो तुला द्यायचेच असतील तर उचल फेडून टाक. आई म्हणते हंगामी वसतिगृहात घाला. महिन्याला सहा-सात हजार मी नक्की बाजूला काढू शकतो, जास्त नाही, फ्लॅटचा हप्ता आहे. पैसा नेमका कुठे घातला तर त्या पोरीच्या आयुष्यात फरक पडेल? तुमचं वाचन, अनुभव काय सांगतो?

---

दोन_शिट्ट्या

वाचून गलबलून आलं. पुण्याला आणा, दुसरा विचार करू नका. इथे शाळा चांगल्या, तुमची मुलं असतील तर सोबतही होईल.

---

साधा_माणूस

कोणाला दुखवायचं नाहीये पण हे गरिबी गरिबी जरा जास्त होतं असं वाटतं. माझे वडील साताऱ्याकडचे, अनवाणी शाळेत जायचे, कमवा आणि शिका मधून बीए झाले, क्लास वन अधिकारी म्हणून रिटायर झाले. तुम्ही स्वतः इंजिनिअर झालात की. ज्याला शिकायचं तो शिकतोच, आणि ज्याला नाही त्याला सोन्याच्या ताटात वाढलं तरी उपयोग नाही. आमच्या सोसायटीत करोडपतींची पोरं बारावीला गचकलेली बघतोय.

---

खडू_फळा

@साधा_माणूस, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण साहेब, त्यांना जेवायला कोण घालत होतं? भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली. पोराला शाळेत यायला सांगायच्या आधी त्याच्या भाकरीची आणि पथारीची सोय केली. ज्याला शिकायचं तो शिकतोच असं त्यांना वाटलं असतं तर नुसत्या शाळा काढून मोकळे झाले असते.

मी जि.प. शाळेत शिक्षक आहे, ऊसतोडीच्याच पट्ट्यात. धागाकर्त्याने भागाकाराचं लिहिलंय ना, ते वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. माझ्या पटावर पोरं आहेत बत्तीस, दिवाळीनंतर वर्गात सतरा. मार्चला परत येतात तेव्हा हात बघितले तर उसाच्या पात्याने चिरलेले, आणि बाराखडी पुसलेली. नुसती विसरलेली नाही, बोलायचीच सवय गेलेली असते. पहिले आठ दिवस नाव विचारलं तरी खाली बघतात.

हंगामी वसतिगृहाबद्दल: नावात वसतिगृह आहे पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ असा की पोरगं आजीआजोबांकडे झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं. चांगली सोय आहे, माझी काही पोरं त्याच्यामुळेच टिकली. पण घरी धड माणूस असेल तरच. आणि निधी कधी येतो ते विचारू नका, किराणावाला आम्हाला ओळखतो म्हणून चालतं. पोरं बाहेरगावी गेलीच तर शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कागदावर. फडापासून शाळा चार किलोमीटर असेल तर सहा वर्षांची पोरगी कार्ड घेऊन काय करणार?

---

साधा_माणूस

@खडू_फळा, बोर्डिंगचा मुद्दा मान्य. हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वडील बोर्डिंगच्या जेवणाबद्दल फार बोलायचे खरं.

---

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस. पोरगी सहा वर्षांची आहे म्हणजे एक महत्त्वाचा काळ होऊन गेलाय, पण घाबरवायला सांगत नाही, धाकटं भावंड असेल किंवा होणार असेल तर त्याच्यासाठी लिहितो.

पैशाचा परिणाम आम्हाला सगळ्यात आधी उंचीत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातली ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती, सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यात २३ टक्के. म्हणजे बरोब्बर दुप्पट. (श्रीमंतांतही २३ टक्के हा वेगळाच धाग्याचा विषय, तिथे बिस्किटं आणि चहा हे कारण मी रोज बघतो.) पहिल्या दोनअडीच वर्षांत उंची खुंटली की त्याबरोबर मेंदूच्या वाढीलाही बसायचा तो फटका बसतो, आणि नंतर कितीही काजूबदाम घातले तरी सगळं भरून निघत नाही.

ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांना प्रथिनं असलेली पेज दिली, दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधक परत गेले. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत पेज मिळाली होती त्यांची तासाची कमाई सरबतवाल्यांपेक्षा ४६ टक्के जास्त निघाली. फक्त पेज हो! तीही दोन वर्षं.

आपल्याकडे अंगणवाडी १९७५ पासून आहे पण फडात गेलेलं दीड वर्षाचं लेकरू कुठल्या अंगणवाडीत? नाव गावच्या अंगणवाडीत, लेकरू कोपीत, आणि आई पहाटे चारला फडात.

---

अटलांटिक_काठ

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, इथलंच एक उदाहरण तुमच्या प्रश्नाला अगदी चिकटून आहे म्हणून लॉगिन केलं. स्मोकी डोंगरांच्या भागात चेरोकी जमात आहे. ड्यूक युनिव्हर्सिटीचे लोक १९९३ पासून तिथल्या १४२० मुलांचा मानसिक आरोग्याचा अभ्यास करत होते, त्यात साधारण पाव मुलं चेरोकी. मधेच जमातीने कसिनो काढला आणि नफ्यातला वाटा प्रत्येकाला मिळायला लागला. नोकरी असो नसो, दारू पीत असो नसो, सगळ्यांना सारखा. शेजारच्या बिगर चेरोकी कुटुंबांना काहीच नाही. म्हणजे संशोधकांनी ठरवून केला असता तरी इतका नीट जमला नसता असा प्रयोग आपोआप घडला.

जी चेरोकी घरं गरिबीतून वर आली तिथल्या मुलांची मारामारी, चिडचिड, उद्धटपणा यांचं प्रमाण आधीपासून गरीब नसलेल्या मुलांइतकं खाली आलं (नैराश्य आणि भीती मात्र फारशी हलली नाही, तेही सांगायला हवं). पुढे दुसऱ्या संशोधकांनी बघितलं तर सगळ्यात गरीब घरांत वर्षाला ४००० डॉलर जादा आल्याने मुलांचं शिक्षण एकविशीपर्यंत साधारण एक वर्षाने वाढलं होतं आणि किरकोळ गुन्हे कमी झाले होते.

आणि कशामुळे असं शोधलं तर उत्तर भारी शाळा किंवा ट्यूशन असं नव्हतंच. आईबापांचं पोरांकडे लक्ष जास्त राहायला लागलं होतं. घरातली भांडणं कमी. मला हे वाचून आमच्या आईची आठवण झाली, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या हातचा मार ठरलेला असायचा, एक तारखेला लाडू.

---

ताक_भात

@अटलांटिक_काठ हा हा, एक तारखेचे लाडू आमच्याकडेही!

पण दुसरी बाजू टाकतो, नाहीतर सगळे एकाच सुरात गायला लागू. तुमच्याच अमेरिकेत १००० गरीब आयांना बाळ झाल्यापासून दरमहा पैसे द्यायचा प्रयोग झाला, काहींना ३३३ डॉलर, काहींना नुसते २० डॉलर. चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, त्यामुळे अभ्यास पक्का. चार वर्षांची झाल्यावर मुलांची भाषा, वागणूक, बुद्धी तपासली तर दोन गटांत दखल घ्यावी असा फरक नाही. मधे करोना येऊन गेला, सरकारने सगळ्यांनाच पैसे वाटले, तिकडे महागाई किती, ही सगळी कारणं लोक देतात आणि ती असतीलही. तरी पैसा टाका आणि मूल हुशार होऊन बाहेर येईल असं मशीन नाही एवढं तरी मान्य करू.

---

नाम_नको

मग लाडक्या बहिणीच्या १५०० चा उपयोग नाही म्हणायचं का? की फक्त निवडणुकीपुरता

---

ताक_भात

मी तसं म्हटलं नाही आणि इथे राजकारण नको, हा धागा तरी वाचू दे, मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद होऊन कुलूप लागलं होतं.

---

चहाटळ

मला तर तो गोळीवाला प्रयोग आठवला, पोराला एक गोळी देतात आणि पंधरा मिनिटं नाही खाल्लीस तर दोन देईन म्हणतात. थांबलेली पोरं पुढे आयुष्यात यशस्वी, असं आमच्या ऑफिसच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलंय. २०१८ ला ९०० च्या वर मुलांवर परत बघितलं तर घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध जवळपास विरघळून गेला. ज्या घरात दुसरी गोळी खरंच मिळते त्या घरातलं पोर थांबतं. जिथे डब्यातलं सकाळी होतं ते संध्याकाळी नसतं तिथे आत्ताच खाणं शहाणपणाचं. आणि त्याला आपण म्हणतो पोरात संयम नाही.

---

गोदाकाठ

@माळरान, तुम्ही ऊसवाले म्हणून मुद्दाम सांगतो. २०१३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास आला होता. त्याच माणसाची ऊस जायच्या आधी, हात तंग असताना, आणि पैसे आल्यावर, अशी दोनदा तर्क आणि एकाग्रतेची चाचणी घेतली. माणूस तोच, पण हात तंग असताना गुण कमी. पैशाची काळजी डोक्यात इतकी जागा व्यापते की बाकी विचाराला जागाच उरत नाही.

आता हे बापाचं झालं. त्या वेळी त्याच्या समोर वही घेऊन बसलेल्या पोराला काय मिळत असेल?

---

माळरान

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@गोदाकाठ, तो अभ्यास ऊस लावणाऱ्यांचा, आम्ही तोडणारे. त्यांचा ऊस गेल्यावर पैसा येतो, आमचा ऊस तोडायच्या आधीच येऊन संपलेला असतो. बापाच्या डोक्याला मोकळा महिना असा कधी मिळालाच नाही. गणपतीत उचल यायची तेव्हा घरात आठ दिवस सणासारखं, मटण, नवे कपडे, किराणाची उधारी भागवणं, आणि मग दसरा जवळ आला की बाप गप्प होत जायचा. मला लहानपणी वाटायचं त्याला दसरा आवडत नाही.

@साधा_माणूस, मी इंजिनिअर झालो ते माझ्या जिद्दीने असं मलाही खूप वर्षं वाटायचं, कॉलेजच्या सत्कारात भाषण पण ठोकलंय. आता वाटतं माझ्यात जिद्द होतीच, पण आजीची नजर माझ्या चौथीपर्यंत शाबूत होती हे जास्त महत्त्वाचं. ती मला पाढे म्हणायला लावायची, तिला स्वतःला येत नव्हते. अडखळलो की ओळखायची.

@बालवैद्य, धाकटं आहे, दहा महिन्यांचं.

---

बालवैद्य

मग माझ्या दृष्टीने प्रश्न पोरीचा कमी आणि त्या दहा महिन्यांच्या बाळाचा जास्त आहे. पुढचं दीड वर्ष. ते कोपीत जाऊ नये यासाठी काही करता आलं तर करा. अंडं, डाळ, शेंगदाणा, वेळच्या वेळी लस, आणि दिवसभर त्याच्याशी बोलणारं माणूस.

जमैकात १९८६-८७ मध्ये खुज्या राहिलेल्या १२९ मुलांवर प्रयोग झाला, त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं आठवड्याला एकदा आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पण त्यासाठी आई घरी आणि शुद्धीवर पाहिजे, दिवसभर मोळ्या उचलून आलेली बाई काय खेळवणार!

---

दोन_शिट्ट्या

मी पहिला प्रतिसाद घाईत दिला होता. बाळ आहे म्हटल्यावर पुण्याला आणण्याचं मागे घेते. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून इंग्लिश मिडियमच्या पोरांत टाकायचं हेही सोपं नाही. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के राखीव जागांतून मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला, फी माफ, पण वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टपासून प्रोजेक्टच्या कलर प्रिंटपर्यंत रोज काहीतरी. तिसरीत तो घरी सांगायला लागला की मला शाळेत सोडायला आई तू येऊ नकोस. मावशी भांडी घासताना हे अगदी सहज सांगून गेल्या.

---

खडू_फळा

@माळरान, एक विचारू? भावजय थांबली आणि भाऊ एकटा गेला तर?

---

माळरान

तेच दोन दिवस डोक्यात आहे. पण मुकादम अर्धा कोयता सहसा घेत नाही, आणि उचल जोडीची घेतलीय. काल भावाला फोन केला तर पहिल्यांदा चिडला, म्हणाला, "दादा, तू पुस्तकातलं सांगू नको, म्या एकला जाऊन दिसाला किती टन तोडनार?" मग मी हिशोब मांडला. भावजयीच्या वाट्याचे दिवसाला साडेतीनशे, महिन्याचे फार तर नऊदहा हजार, त्यातून कोपीवरचा खर्च, आजारपण, खाडा वजा. हातात उरतात त्यापेक्षा माझे सात हजार फार कमी नाहीत. बराच वेळ गप्प होता. ठेवतो म्हणाला.

---

माळरान

पंधरा दिवसांनी परत आलोय, उशिराबद्दल सॉरी, गावी होतो.

मुकादमाशी बोलणं झालं, गोड माणूस आहे आणि तेवढाच अवघडही. अर्धी उचल, ७५ हजार, परत पाहिजे म्हणाला, एकरकमी. माझे ४०, बायकोने भिशीचे २० काढले, उरलेले दसऱ्याला द्यायचे ठरलेत. चुलतभावाची बायको बाळंतीण आहे म्हणून तोही अर्धाच होता, तर भाऊ आणि तो मिळून एक कोयता. भावजय, दोन्ही लेकरं आणि आई गावात. दर महिन्याला सात हजार भावजयीच्या खात्यावर, भावाच्या नाही, हे त्यानेच सुचवलं. दुपारचं पोरीचं शाळेत होतं. अंगणवाडीत बाळाचं वजन करून आणलं, थोडं कमीच भरलं, बाई म्हणाल्या पंधरा दिवसांनी परत आणा.

पुढच्या वर्षी काय, ते माहीत नाही. माझा हप्ता वाढला किंवा नोकरी गेली तर हे सगळं कोलमडेल, त्याची कल्पना भावालाही आहे.

निघताना तो मला यष्टीपर्यंत सोडायला आला. रस्त्यात म्हणाला, "दादा, त्यो भागाकार कितवीत घेत्यात रं आता?" मी म्हटलं विचारून सांगतो.

@खडू_फळा, कितवीत?

---

खडू_फळा

सारखी वाटणी दुसरीपासूनच सुरू करतो, पंधरा चिंचोके पाच जणांत. चिन्हाचा भागाकार तिसरीत. दिवाळीनंतर.